‘येते’ म्हणायचं नाही

खोली बघून झाली, पाणी किती वाजता येतं ते विचारून झालं, जिन्याचा कठडा हलवून बघून झाला. चपला घालता घालता मी सहज म्हटलं, "बरं काका, येते."

"कधी?" काकांनी विचारलं.

माझा एक पाय चपलेत, एक बाहेर. म्हटलं, "नाही, म्हणजे निघते आता."

"मग निघते म्हणा. जाते म्हणा. येते म्हणालात म्हणून विचारलं. तुम्ही परत येणार असाल तर मला घरी थांबावं लागेल, आणि मला दळण आणायचं आहे."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. चेष्टा म्हणावी तर चेहऱ्यावर हसू नाही. आतून काकूंचा आवाज आला, "अवो, जाऊ द्या ना बाप्पा त्या पोट्टीले! तू येजो वं बाई, त्याइच्याकडे लक्ष नोको देऊ."

मी मूळची रोहण्याची. वर्ध्याला एका वाचनालयात नोकरी लागली आणि पिपरी मेघेत खोली शोधत फिरत होते. त्या दिवशी घरी फोन करून सांगितलं, खोली चांगली आहे, काकू चांगल्या आहेत, घरमालक चक्रम आहे. आई म्हणाली, तीनातल्या दोन गोष्टी बऱ्या आहेत ना, मग घेऊन टाक. घेतली. चांगली पाच वर्षं राहिले.

काका बसस्टँडवरून रिटायर झालेले. गाड्यांचे कंट्रोलर होते. काचेच्या केबिनमध्ये बसून माइकवर ‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे’ म्हणणारा जो आवाज असतो ना, तो वर्ध्याला वर्षानुवर्षं त्यांचा होता. तो आवाज त्यांनी रिटायर होताना तिथं ठेवला नाही, घरी आणला. सकाळी जिन्याखाली उभे राहून ते सांगायचे, "वरच्या मजल्यावरील भाडेकरूंनी कृपया लक्ष द्यावे. नळाला पाणी आलेले आहे." पहिल्या दिवशी मी दचकून अंथरुणात उठून बसले. पुढं त्याचीच सवय झाली. रोहण्याला गेले की उलट जाग येईना.

नोकरीत त्यांचं एकच दुःख होतं. गाड्या वेळेवर सुटायच्या नाहीत. लोक म्हणायचे ड्रायव्हर चहा पीत बसतो, टायर पंक्चर असतं. काका म्हणायचे, साफ खोटं. गाडी लेट होते ती निरोपामुळे. माणूस गाडीत बसतो, ‘येतो’ म्हणतो. खालचा म्हणतो ‘ये’. मग वरचा खिडकीतून हात काढतो. खालच्याला काहीतरी आठवतं, तो डबा देतो. वरचा पुन्हा ‘येतो’ म्हणतो. कंडक्टरही माणूसच, तो काही घंटी मारत नाही. "आता मला सांगा," काका म्हणायचे, "जो जातो आहे तो ‘येतो’ का म्हणतो? उघड खोटं बोलतो. त्यानं ‘जातो’ म्हटलं असतं तर खालचा म्हणाला असता ‘जा’. संपलं. गाडी सुटली."

एकदा म्हणे आर्वीच्या गाडीत एक नवी नवरी बसवून द्यायला सगळं गोत आलं होतं. आई वर चढायची, मुलीच्या गळ्यात पडायची, खाली उतरायची, परत वर चढायची. मागं दोन गाड्या हॉर्न वाजवत राहिल्या. काकांनी माइक ओढला आणि सगळ्या स्टँडभर सांगितलं, "रडणाऱ्यांनी कृपया खाली उतरावे, जाणाऱ्यांनी कृपया बसून घ्यावे." सगळं स्टँड गप्प झालं म्हणे, आणि मग ती नवरीच फिसकन हसली. हा किस्सा त्यांनी मला किती वेळा सांगितला असेल देव जाणे, पण दर वेळी शेवटी म्हणायचे, "गाडी सुटली की नाही?"

आता असा माणूस घरी कसा वागत असेल, सांगायला नको. घरातून बाहेर पडताना ते ‘जातो’ म्हणायचे. आपल्याकडे असं कुणी म्हणत नाही. म्हटलं तर मोठी माणसं अंगावर येतात, अभद्र बोलू नको म्हणतात. काका रोज म्हणायचे. दळणाला निघाले, जातो. पोस्टात निघाले, जातो. आणि काकू हातातलं काम सोडून दारात यायच्या आणि म्हणायच्या, "या." एक दिवस चुकला नाही. मग काकू पवनारला निघायच्या, त्यांचं माहेर तिथलं, धाकटी बहीण तिथंच दिलेली. त्या पिशवी उचलून म्हणायच्या, "येते हं." आणि काका पेपरातून डोकं न काढता म्हणायचे, "जा." असा दोघांचा सामना चाळीस वर्षं बरोबरीत चाललेला होता.

"तुमाले एक दिवस ‘ये’ म्हनाले काय होते?" काकू विचारायच्या.

"तुम्हाला एक दिवस ‘जाते’ म्हणायला काय होतं?"

"अभद्र! मी नाई म्हनत. मेली तरी नाई म्हननार."

मुलगा हैदराबादला. त्याचा फोन यायचा तेव्हा मात्र काका खूश असायचे, कारण फोनवर शेवटी सगळेच ‘ठेवतो’ म्हणतात. "बघा," मला सांगायचे, "यंत्र मधे आलं की माणूस खरं बोलायला लागतो."

तर ह्या सगळ्यातून त्यांनी कादंबरी लिहायला घेतली होती.

मी वाचनालयातली आहे हे कळल्यावर काकांनी मला नावानं हाक मारणं बंद केलं, ग्रंथपाल म्हणायला लागले. त्यांना हव्या होत्या त्या एकाच जातीच्या कादंबऱ्या. पुढच्या काळातलं कडक राज्य, माणसांना लहानपणापासून वळण लावून, शिकवून, घोकून घेऊन यंत्रासारखं केलेलं, प्रेम नाही, रडणं नाही, आई नाही, बाप नाही. असल्या जेवढ्या आमच्याकडं होत्या, मूळ मराठी, भाषांतरं, सगळ्या मी आणून दिल्या. ते वाचायचे आणि परत करताना तोंड वाकडं करायचे.

"हाही फुटला," म्हणायचे.

"कोण?"

"नायक. सगळीकडं तेच. अर्धं पुस्तक सरकार पक्कं बांधत आणतं. वाचताना बरं वाटतं, म्हणावं, आता काम झालं. आणि मग कुठूनशी एक बाई येते, हसते, की ह्याच्या पोटात कालवाकालव. गेलं सरकार पाण्यात. ह्या लेखकांना दम धरवत नाही, ग्रंथपाल. त्यांना स्वतःलाच रडायचं असतं, म्हणून नायकाला रडवतात. माणूस म्हणजे सवय. लावणारा चिकट पाहिजे, बस्स."

"मग तुमच्या कादंबरीत?"

"माझ्या कादंबरीत कुणी फुटणार नाही. शेवटपर्यंत. एक तरी अशी कादंबरी पाहिजे की नको?"

हीच त्यांची इच्छा होती, आणि दुसरी कुठलीही मी पाहिली नाही. मुलानं वर्ध्याला परत यावं, घरावर मजला चढवावा, काशी करावी, काही नाही. कुणीही न फुटणारी एक कादंबरी हातून व्हावी.

मी म्हटलं, "पण काका, असं होतं का? आतलं कुठं जाईल?"

तेव्हा त्यांनी मला पुरावा दिला. पुरावा म्हणजे ते स्वतः. ते खेड्यातले, ‘मले-तुले’ बोलत मोठे झालेले. नोकरीला लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात माइकवर बोलून गेले, ‘पुलगावची गाडी लागून राह्यली.’ साहेब हसला, प्रवासीही हसले. त्या दिवसापासून त्यांनी चंग बांधला. रेडिओवरच्या बातम्या ऐकायच्या आणि एकट्यानं घोकायच्या. वर्षभरात ‘मले’ गेलं, ‘का’ला ‘काऊन’ म्हणणं गेलं, ‘नाई’ गेलं. घरीसुद्धा गेलं. "आता मला स्वप्नंसुद्धा शुद्ध मराठीत पडतात," काका म्हणाले. "आईच्या दुधाची भाषा होती. एक शब्द उरला नाही. भाषा जाते, तर रडणं का जाणार नाही?"

काकू दाराशी तुरीच्या शेंगा सोलत होत्या. म्हणाल्या, "लगन झालं तवा कसे गोड बोलत होते! मंग ते रेडिओच झाले. बटन बंद करता येत नाई एवढंच."

रविवारी सकाळी कादंबरीचं वाचन असायचं. श्रोते दोन, मी आणि काकू. काकूंपुढं सोलायला नाहीतर निवडायला काहीतरी असायचंच. त्या राज्याला नाव नव्हतं. नाव दिलं की वाचकाला ते आपलं वाटायला लागतं, असं काकांचं म्हणणं. तिथल्या शाळेत रोज सकाळी निरोपाची कवायत व्हायची. एक पोर फाटकातून बाहेर जायचं आणि बाकीच्यांनी पाटीकडं बघत बसायचं. जो मान वळवून बघेल त्याला दूध नाही. मोठं होईस्तोवर कुणाची मान वळेनाशी व्हायची. तिथं ‘येतो’ म्हणणं गुन्हा होता. ‘वाट बघणे’ हे शब्द काढून टाकले होते, नुसतं ‘थांबणे’ ठेवलं होतं. घरांना पुढून ओटा बांधायला बंदी होती. ओटा असला की माणसं तिथं बसून रस्त्याकडे बघतात, आणि बघता बघता कुणाची तरी वाट बघायला लागतात. हे मला फार पटलं. अंगावर काटाच आला खरं तर.

काकूंना आला नाही. "ओटाच नाई? मंग पापड कुठी वाळू घालत असन थे लोकं?"

काका थांबले. विचार केला. पुढच्या रविवारी राज्यात सरकारी पापडगच्ची आली होती.

असं सगळं राज्य काकूंनी हलवून टाकलेलं. एखादं पोर रात्री तापलं तर उशाशी कोण बसते? काकांनी तापखातं काढलं. तिथल्या बायका दळताना काय म्हणतात? काकांनी दळणं बंद केलं, पीठ थेट घरी पोचायला लागलं. कादंबरी फुगत गेली, खाती वाढत गेली, आणि काका थकत गेले. पण मागं हटले नाहीत. चिकटपणाच्या बाबतीत त्यांना तोड नव्हती.

आणि मग शेवटच्या प्रकरणाशी गाडी अडली.

शेवट असा होता. राज्यात म्हाताऱ्या माणसांना एका ठरलेल्या वयाला प्रस्थानगृहात पोचवून द्यायचं. तिथून कुणी परत येत नाही. नायक आपल्या आईला घेऊन जातो. आई दारात म्हणते, ‘जाते.’ तो म्हणतो, ‘जा.’ मान न वळवता घरी येतो आणि जेवतो. संपली कादंबरी. कुणी फुटलं नाही.

वाचून झाल्यावर काकांनी आमच्याकडे बघितलं. काकूंनी मेथी निवडता निवडता विचारलं, "काय जेवला थो?"

"काय म्हणजे? जेवला. तसं लिहिलं आहे."

"अवो पन काय? भाकर? भाजी? तुमी त त्या पोट्ट्याच्या अंगरख्याच्या गुंड्या बी लिवल्या. मंग जेवला काय थे नोको का लिवाले?"

बस्स. ह्या एका प्रश्नानं काकांचं वर्ष खाल्लं. त्यांनी वरण-भात लिहिला. मग खोडला. म्हणाले, वरण-भात म्हटलं की आईनं केलेलाच डोळ्यापुढं येतो. भाकरी लिहिली, तेच. झुणका लिहिला, बापरे, त्याहून वाईट. सरकारी खिचडी लिहून बघितली तर काकू म्हणाल्या, खिचडीत हळद कुणी टाकली? मी आपलं सुचवलं, बिस्किट खाऊ दे. काकांनी दोन दिवस बिस्किटावर विचार केला. एका संध्याकाळी जिना चढून वर आले, दारातूनच म्हणाले, "बिस्किट नाही चालत, ग्रंथपाल. तो ते चहात बुडवेल." आणि खाली निघून गेले. मला हसू आलं, पण त्यांच्याकडे बघून हसवेना.

त्याच हिवाळ्यात काकूंचं पोट दुखायला लागलं. आधी घरचं औषध, मग गल्लीतला डॉक्टर, मग मोठा दवाखाना. आतड्याला गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले ऑपरेशन करावं लागेल, आणि वय बघता, रक्तातली साखर बघता, धोका आहे. हे त्यांनी काकूंच्या समोरच सांगितलं. काकू म्हणाल्या, "करून टाका जे करायचं थे. तिळाचे लाडू कराचे हायेत मले."

काका शांत होते. इतके शांत की मला रागच आला. दवाखान्याची पिशवी त्यांनी स्वतः भरली, रिपोर्ट तारखेप्रमाणे लावले, मुलाला फोन केला तो बातमी सांगावी तसा. "तुझ्या आईची शस्त्रक्रिया आहे. तुझी गाडी दुपारपर्यंत पोचेल. ठेवतो." मी मनात म्हटलं, ह्या माणसाचं काळीज खरंच बसस्टँडचं आहे. आणि खोटं कशाला सांगू, त्यांना खांद्याला धरून गदागदा हलवावं असं मला वाटलं.

ऑपरेशनच्या सकाळी रजा टाकून मी बरोबर गेले, कारण मुलगा पोचायचा होता. आम्ही वेळेच्या इतके आधी पोचलो की वॉर्डातल्या सिस्टरच विचारायला लागल्या, तुम्हाला कुणी बोलावलं इतक्या लवकर? काकूंना हिरवा गाऊन घातला. बांगड्या काढून माझ्याकडे दिल्या. मंगळसूत्र काढताना त्यांचा हात थांबला, मग ते त्यांनी काकांच्या हातात ठेवलं. काकांनी ते रुमालात बांधून खिशात टाकलं. नाव बरोबर लिहिलंय का म्हणून काकूंच्या मनगटावरची पट्टी वाचून बघितली. सगळं कसं वेळापत्रकाबरहुकूम.

स्ट्रेचर आलं. वॉर्डबॉय मामा काकूंना घेऊन निघाले, आम्ही दोघं दोन बाजूंनी. ऑपरेशन थिएटरच्या दारापाशी मामा म्हणाले, "इथून पुढं नातेवाइकांनी यायचं नाही."

काकूंनी मान वळवून काकांकडं बघितलं. चेहरा एवढासा झाला होता. म्हणाल्या, "जाते हं."

मला आधी ऐकू आलं ते खरं वाटेना. चाळीस वर्षांत जो शब्द तोंडातून काढला नाही, तो ह्या दारात? काका तसेच उभे. स्ट्रेचर पुढं सरकलं, दाराची एक फळी उघडली. आणि मग काका धावले. त्या वयाला, चपला मागं टाकून, धावले आणि स्ट्रेचरचा दांडा दोन्ही हातांनी धरला.

"काय म्हनली तू? काय म्हनली?"

"जाते म्हनली. तुमचंच त म्हननं होतं..."

"जाते काऊन म्हनतं?" काका ओरडले. माइकवर सगळं स्टँड गप्प करणारा आवाज तो, सगळा कॉरिडॉर वळून बघायला लागला. "जाते काऊन म्हनतं वं? येते म्हन! मी सांगून राह्यलो ना तुले, येते म्हन पह्यले!"

"काका, सोडा, आत डॉक्टर थांबलेत," मामा म्हणाले.

"थांबू दे! मी नाई सोडत. माह्या बायकोले येते म्हनू दे पह्यले!"

सिस्टर बाहेर आल्या, आतून आणखी कुणीतरी डोकावलं. काका दांडा सोडेनात. गाल ओले झालेले, नाक वाहतंय, त्यांना भानच नाही. मी त्यांचा दंड धरला होता आणि मीही रडत होते. काकू मात्र त्यांच्याकडं अशा बघत होत्या की जसं फार वर्षांनी कुणीतरी ओळखीचं भेटलंय. हात गाऊनमधून काढून त्यांनी काकांच्या मुठीवर ठेवला.

"येते बाप्पा, येते," म्हणाल्या. "सोडा आता. लोकं पाहून राह्यले."

काकांनी हात सोडला. "येजो," म्हणाले. मग दार लागलं तरी बंद फळीकडे बघून पुन्हा म्हणाले, "येजो वं."

मग आम्ही बाकावर बसलो. मी त्यांच्या चपला आणून दिल्या. कँटीनमधून चहा आणला, पोहे आणले. घरून निघताना त्यांनी काही खाल्लं नव्हतं. पोह्यांची प्लेट त्यांनी मांडीवर घेतली, चमचा उचलला, खाली ठेवला. पोहे गार झाले, वरची शेव मऊ पडली. मी म्हटलं, "काका, दोन घास तरी खा."

त्यांनी प्लेट बाजूला सारली.

"नाही जेवत तो," म्हणाले. आवाज परत आपला रोजचा शुद्ध झाला होता, फक्त चिरका.

"कोण, काका?"

"नायक. त्याला आईला पोचवून आल्यावर जेवण जातच नाही, ग्रंथपाल. मी वर्षभर ताटात काय वाढावं ते शोधत बसलो. ताट वाढून काय करणार?" त्यांनी चष्मा काढला आणि बाहीनं डोळे पुसले. "म्हणजे माझाही फुटलाच."

मला त्यांची फार दया आली आणि फार आनंदही झाला, दोन्ही एकदमच. म्हटलं, फुटू द्या काका.

काकू परत आल्या. दुपार कलल्यावर डॉक्टर बाहेर आले, गाठ निघाली म्हणाले, आणि तोवर मुलगाही पोचला होता. काकूंना घरी आणायला बरेच दिवस लागले, तिळाचे लाडू त्या वर्षी मीच केले आणि ते दगडासारखे झाले. काकांनी तक्रार न करता चोखून चोखून खाल्ले.

पुढं एकदा काकूंच्या पायाला तेल लावून देताना मी विचारलं, "काकू, त्या दिवशी तुम्ही ‘जाते’ का म्हणालात? मुद्दाम ना? काका काय करतात ते बघायला?"

"नाई वं," काकू म्हणाल्या. "मले लय भेव लागून राह्यलं होतं. वाटलं, आता काई वापस येत नाई मी. जलमभर याइच्या मनाविरुद्ध बोलली, आता जाता जाता एक डाव तरी मनासारखं म्हनाव. खुश होतीन बिचारे." मग हसल्या. "कुठचे खुश! दवाखाना डोक्यावर घेतला. पन किती वर्षानं माह्याशी माह्या बोलीत बोलले, पाह्यलं ना तू?"

पाहिलं होतं. तेवढंच पाहायला मिळालं. दुसऱ्या दिवसापासून काका पुन्हा ‘नळाला पाणी आलेले आहे’ वर गेले. दवाखान्याचा विषय कुणी काढला की पेपर उघडायचे. स्वतः बाहेर पडताना ‘जातो’च म्हणायचे, तेवढी अकड शिल्लक होती. पण दुसऱ्याला ‘जाते म्हणा’ हे त्यांनी पुन्हा कधी सांगितलं नाही, आणि काकू पवनारला निघाल्या की पेपरामागून ‘जा’ येणं बंद झालं. नुसतं "हं" यायचं. काकू म्हणायच्या, सध्या हं वर भागवू. कादंबरी त्यांनी पुरी केली. शेवटच्या पानावर ताट वाढलेलं आहे, ताटात काय आहे ते लिहिलेलं नाही, आणि तो माणूस घराच्या पुढच्या बाजूला, जिथं ओटा नाही तिथं, जमिनीवरच बसलेला आहे, रस्त्याकडे तोंड करून. छापायला कुठं दिली नाही. "अशा पुष्कळ आहेत," म्हणाले, "तुमच्या कपाटात एक अजून कशाला?"

मग माझी आर्वीला बदली झाली. रोहणा जवळ, आई खूश. सामान टेम्पोत चढलं. काकूंनी चिवड्याचा डबा दिला, मग आठवून लोणचं दिलं, मग आणखी काहीतरी आणायला आत गेल्या. टेम्पोवाला हॉर्न मारायला लागला. काका फाटकापाशी हात मागं बांधून उभे होते, निरोपामुळं गाडी कशी लेट होते ते बघत.

मी वाकून नमस्कार केला. म्हटलं, "येते काका."

"कधी?" काकांनी विचारलं.

मी हसले. मग लक्षात आलं की ते हसत नाहीयेत. ह्या वेळी ते खरंच विचारत होते.

"दिवाळीनंतर येते," म्हटलं. त्यांनी मान हलवली, फाटकाची कडी उगाच लावली, उगाच काढली. दिवाळीनंतर मी गेले. पुढंही जात राहिले, जमेल तसं.

मागच्या उन्हाळ्यात काका गेले. सकाळी दळण घेऊन आले, खुर्चीत बसले आणि गेले. निघताना ‘जातो’ म्हणाले होते, काकूंनी ‘या’ म्हटलं होतं, आणि ते आले होते, असं काकू येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होत्या. जसं काही आल्यावर पुढं काय झालं तो भाग वेगळा.

मी तिसऱ्या दिवशी पोचले. बैठकीत सतरंजी, भिंतीशी बायका. काकांची मोठी बहीण गावाहून आली होती, आत्याबाई, जुन्या वळणाच्या. काकूंजवळ बसले. दोघी रडलो. मग पाणी प्यायले, मग थोडं इकडचं तिकडचं बोललो, मग पुन्हा रडलो. आर्वीच्या गाडीची वेळ झाली.

मयताच्या घरून निघताना आपल्याकडं ‘येतो’ म्हणत नाहीत. त्या घरी पुन्हा अशा कारणानं यायला नको, म्हणून. काही न बोलता उठायचं आणि चालू लागायचं. बाकीच्या बायका तशाच उठून जात होत्या. अख्ख्या मुलखात ह्याच एका प्रसंगी सगळे काकांच्या नियमानं वागतात, हे मनात आलं आणि पुन्हा भरून आलं. मी उठले, काकूंच्या खांद्यावर हात ठेवला, मुकाट्यानं दारापर्यंत गेले, चपलेत पाय घातला.

"काऊन वं?" मागून काकूंचा आवाज आला. "मुक्यानंच चालली? येते म्हन."

आत्याबाई गडबडल्या. "अवं बाई, असं म्हनू नाई आज! मयताचं घर हाय हे."

"मले मालूम हाय कोनाचं घर हाय थे," काकू म्हणाल्या. भिंतीला हात धरून त्या उठल्या आणि दारात आल्या, रोज यायच्या तशा. "या घरात म्हनतेत. म्हन तू."

माझा एक पाय चपलेत, एक बाहेर.

"येते काकू," मी म्हटलं.

"कधी?" काकूंनी विचारलं.

"रविवारी," मी म्हटलं. "सकाळच्या गाडीनं."